घटनास्थळ चष्म्यात उभे करताना: व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, पंचनामा आणि आपले खटले

अ‍ॅट्रॉसिटीच्या खटल्यात फिर्यादीची उलटतपासणी ज्यांनी ऐकली आहे त्यांना काही प्रश्न पाठ झालेले असतात. तुम्ही नेमके कुठे उभे होता? आरोपी तुमच्यापासून किती फुटांवर होता? मध्ये भिंत होती का? खांबावरचा दिवा चालू होता का? घटना घडून चार-पाच वर्षे उलटलेली असतात. मधल्या काळात मातीच्या घराचे पक्के घर झालेले असते, गल्लीत काँक्रीट पडलेले असते, ज्या निंबाखाली भांडण सुरू झाले तो निंब रस्ता रुंद करताना गेलेला असतो. साक्षीदार आठवणीवर उत्तर देतो, बचावाचा वकील पंचनाम्यातला आकडा वाचून दाखवतो आणि दहा फूट की तीस फूट एवढ्या फरकावर खरा माणूस खोटा ठरतो.

घटनास्थळ जसेच्या तसे जपून ठेवता आले तर? व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, म्हणजे आभासी वास्तव, हे तंत्र जगभरच्या पोलीस तपासात येत आहे ते या प्रश्नाचे उत्तर म्हणून. डोळ्यांवर चष्मा चढवायचा आणि वर्षांपूर्वीच्या त्या खोलीत, त्या गल्लीत उभे राहायचे. मान वळवली की दृश्य वळते, दोन पावले पुढे गेले की भिंत जवळ येते. साक्षीदार जिथे होता म्हणतो तिथून दार दिसते की नाही, हे न्यायाधीशाला स्वतः पाहता येते. धरणगावच्या पोलीस ठाण्यात उद्या असा चष्मा येईल असे आम्ही म्हणत नाही. पण कायदा आणि तपास कोणत्या दिशेने चालले आहेत हे धरणगाव, एरंडोल, साक्री, जामनेरमध्ये काम करणाऱ्या आपल्या तरुणांनी आत्ताच समजून घेतले पाहिजे, कारण जागेच्या वादावर आपले अनेक खटले उभे राहिले किंवा पडले आहेत.

चष्म्यामागे काय असते

चष्मा हा शेवटचा टप्पा. खरे काम त्याआधीचे आणि ते मोजणीचे आहे. लेसर स्कॅनर नावाचे यंत्र ट्रायपॉडवर ठेवतात. ते स्वतःभोवती फिरत सगळीकडे किरण सोडते, किरण भिंतीला किंवा वस्तूला लागून परत येतो आणि त्यावरून अंतर निघते. काही मिनिटांत असे लाखो बिंदू जमा होतात. या बिंदूंच्या ढिगातून खोलीचा त्रिमितीय आराखडा तयार होतो. यंत्राला जे दिसत नाही ते मात्र आराखड्यात येत नाही. खाटेखालची जागा, रांजणामागचा कोपरा कोराच राहतो. म्हणून चार-सहा ठिकाणांहून स्कॅन करावे लागते.

दुसरा मार्ग स्वस्त आहे. साध्या कॅमेऱ्याने, मोबाईलने किंवा ड्रोनने एकाच जागेचे शेकडो फोटो काढायचे, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा मोठा भाग आलाच पाहिजे अशा बेताने. संगणक त्या फोटोंतले समान बिंदू जुळवून आकार उभा करतो. याला फोटोग्रामेट्री म्हणतात. इथे एक मेख आहे: फोटोंत मोजपट्टी किंवा माहीत असलेल्या मापाची एखादी वस्तू नसेल, तर आकार बरोबर येतो पण माप येत नाही. ओटा ओट्यासारखा दिसतो, पण तो दोन फूट उंच की चार फूट, हे सांगता येत नाही.

यानंतर माणसे, गाड्या, झाडे, उजेड हे सगळे या आराखड्यात भरले जाते. आणि सावध राहायचे ते इथेच. एकाच चित्रात तीन वेगवेगळ्या प्रकारची माहिती मिसळलेली असते. भिंत मोजलेली असते. रक्ताच्या डागावरून माणूस कुठे पडला असेल हा तज्ज्ञाचा अंदाज असतो. आणि आरोपी दारात काठी घेऊन उभा होता हे कोणाच्या तरी सांगण्यावरून काढलेले असते. चष्म्यात तिन्ही सारखीच खरी दिसतात. कागदावरच्या कच्च्या नकाशाबाबत हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने तोरी सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या १९६१ च्या निकालातच स्पष्ट केला आहे. तपास अधिकाऱ्याने स्वतः पाहून, मोजून नकाशात दाखवले ते ग्राह्य; साक्षीदाराने पोलिसांना सांगितले म्हणून केलेली खूण म्हणजे पोलिसांपुढचा जबाबच, आणि तो पुरावा म्हणून वापरता येत नाही. आमच्या मते व्हीआरच्या प्रत्येक सादरीकरणाला हीच कसोटी लावायला हवी. कोणताही आराखडा समोर आला की पहिला प्रश्न विचारायचा: यातले मोजलेले किती, अंदाजाचे किती आणि ऐकलेले किती?

जर्मनीने हे कसे वापरले

बव्हेरिया राज्याच्या गुन्हे अन्वेषण खात्याने ऑशवित्झच्या छळछावणीचे व्हीआर प्रारूप तयार केले. तिथल्या वृद्ध पहारेकऱ्यांचा बचाव साधा होता: आम्ही होतो, पण आत काय चालले आहे ते आम्हाला दिसत नव्हते. तंत्रज्ञांनी उरलेल्या इमारती लेसरने मोजल्या, जुने नकाशे आणि छायाचित्रे जुळवली, त्या वेळी झाडे कुठे होती हेही आराखड्यात घातले. पहाऱ्याच्या मनोऱ्यावर उभे राहिले की झाडांच्या आडून काय दिसते आणि काय नाही, हे तपासणे हाच त्यामागचा हेतू. एका माजी पहारेकऱ्याला जून २०१६ मध्ये डेटमोल्डच्या न्यायालयाने दोषी ठरवले, त्या खटल्यात या प्रारूपाचा आधार घेतला गेला. सत्तर वर्षांनंतर झाडांची जागा महत्त्वाची ठरू शकते, हे आमच्या निंबाच्या उदाहरणाला लागू आहे.

कासेल शहरातले प्रकरण वेगळे. ६ एप्रिल २००६ रोजी तिथल्या इंटरनेट कॅफेत हालित योझगात या तुर्की वंशाच्या तरुणाला नवनाझी टोळीने गोळ्या घातल्या. त्या सुमारास एक सरकारी गुप्तचर अधिकारी कॅफेत होता. आपण काही पाहिले नाही, ऐकले नाही, असे त्याचे म्हणणे. लंडनच्या फॉरेन्सिक आर्किटेक्चर या संशोधन संस्थेने २०१७ मध्ये त्या ७७ चौरस मीटरच्या कॅफेची खऱ्या मापाची प्रतिकृती बर्लिनमध्ये उभारली, संगणकावर आराखडा केला, गोळीचा आवाज आणि दारूचा वास किती पसरेल ते तपासले. त्या अधिकाऱ्याच्या म्हणण्यावर विश्वास ठेवणे कठीण आहे, असा निष्कर्ष निघाला. हे काम पोलिसांनी केले नव्हते. नवनाझींच्या हिंसेविरुद्ध लोकांनी भरवलेल्या जनन्यायाधिकरणासाठी ते झाले. म्हणजे हे तंत्र पोलिसांच्या हातात असते तसे पोलिसांच्या म्हणण्याची तपासणी करणाऱ्यांच्या हातातही असू शकते.

आणि ते आरोपीच्याही हातात असते. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील ब्रॉवर्ड परगण्यात एका न्यायाधीशाने सुनावणीत चष्मा चढवून घटना पाहिली. ते सादरीकरण बचाव पक्षाने आणले होते आणि त्यात घटना दिसत होती ती आरोपीच्या नजरेतून: लोक अंगावर येत आहेत, तो घाबरून पिस्तूल काढतो आहे. पैसेवाला आरोपी उत्तम कारागीर लावून आपली बाजू डोळ्यांसमोर नाचवील आणि फिर्यादीकडे पंचनाम्याचा अर्धा कागद असेल, ही भीती आम्हाला वायफळ वाटत नाही.

रमाबाई नगर: टँकर कुठे होता

भारतात हे तंत्र नवे असले तरी त्यामागचा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. ११ जुलै १९९७. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला सकाळी आढळला. लोक पूर्व द्रुतगती महामार्गावर उतरले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला आणि दहा जण मारले गेले. पोलिसांचे समर्थन एका वस्तूवर उभे होते: गॅसचा टँकर. जमाव टँकर पेटवणार होता, स्फोट झाला असता तर सारी वस्ती गेली असती, म्हणून गोळ्या झाडाव्या लागल्या.

या समर्थनाची चिरफाड करायची तर प्रश्न सगळे जागेचे आणि वेळेचे आहेत. टँकर महामार्गावर कुठे उभे होते? गोळ्या झाडणारे जवान कुठे होते, बंदुकीच्या नळ्या कोणत्या दिशेला होत्या? वस्तीच्या आत गल्लीत उभी असलेली माणसे गोळ्यांना बळी पडली, ती टँकरपासून किती लांब होती? टँकरची चित्रफीत गोळीबाराच्या आधीची की नंतरची? न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने पोलिसांचे समर्थन स्वीकारले नाही, गोळीबार असमर्थनीय ठरवला. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या २०११ च्या माहितीपटातही टँकरचा हा दावा तपासला आहे; तरुणांनी तो त्या दृष्टीने पुन्हा पाहावा.

रमाबाई नगरचा व्हीआर आराखडा आज कोणी केला तर त्यात महामार्ग, वस्तीचे तोंड, पुतळा, टँकर आणि प्रत्येक मृताची जागा एकत्र दिसेल. पण आयोगाला चष्म्याची गरज पडली नव्हती. जबाब, जखमा आणि जागा यांचा मेळ घालून तो निष्कर्षाला पोहोचला. पुढे २००९ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने तुकडीचा प्रमुख मनोहर कदम याला जन्मठेप सुनावली, आणि नंतर उच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला. जागा सिद्ध करणे एक आणि न्याय मिळणे दुसरे. पहिल्याशिवाय दुसरे होत नाही, एवढेच आम्ही म्हणू.

खैरलांजीने तर याहून कडू गोष्ट शिकवली. २९ सप्टेंबर २००६ च्या त्या हत्याकांडानंतर पहिले शवविच्छेदन इतके अपुरे झाले की पुरलेले मृतदेह काढून दुसऱ्यांदा तपासावे लागले. तोवर जे जायचे ते गेले होते. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये आठ जणांना दोषी धरले, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. पहिल्या दिवशी जे गोळा झाले नाही ते कोणताही चष्मा नंतर दाखवू शकत नाही.

कायदा कुठे आला आहे

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७६(३) आहे. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आणि त्या प्रक्रियेचे चित्रीकरण करायचे. राज्यांना हे पूर्ण लागू करायला पाच वर्षांची मुदत आहे. कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण बंधनकारक आहे. महाराष्ट्रात जानेवारी २०२५ मध्ये फिरत्या न्यायवैद्यक व्हॅनचा पहिला टप्पा सुरू झाला. खान्देशला नाशिकची प्रादेशिक प्रयोगशाळा आणि धुळ्याची लघु प्रयोगशाळा जवळची. व्हॅन म्हणजे व्हीआर नव्हे, पण व्हीआरला लागणारा कच्चा माल, म्हणजे मोजमाप आणि चित्रीकरण, तिथूनच येणार. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातील प्रकरणात ऑगस्ट २०२४ मध्ये सीबीआयने सभागृहाचे त्रिमितीय लेसर मोजमाप केल्याच्या बातम्या आपण वाचल्याच आहेत.

आता यातली आपल्या बाजूची फट पाहा. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१) मधल्या गुन्ह्यांना, म्हणजे जातीवाचक अपमान, सामाजिक बहिष्कार, पाणवठ्यावर किंवा रस्त्यावर अडवणूक यांना, कमाल शिक्षा पाच वर्षांची आहे. सात वर्षांच्या अटीत ते बसत नाहीत. घर जाळले, खून झाला तर व्हॅन येईल. विहिरीवरून हाकलले, वरात अडवली, चौकात शिव्या दिल्या तर कायद्याने तिने यावेच असे नाही. गावागावांत जास्त घडतात ते हे दुसऱ्या प्रकारचे गुन्हे.

आणि जागेचा वाद सर्वांत तिखट होतो तोही याच गुन्ह्यांत. कलम ३(१)(आर) आणि (एस) यांना अपमान लोकांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी झालेला असावा लागतो. स्वर्ण सिंग प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जागा खासगी असली तरी चालेल. घराबाहेरची हिरवळ कुंपणाबाहेरच्या रस्त्यावरून किंवा गल्लीतून दिसत असेल तर ती लोकांच्या नजरेतली जागा. २०२० च्या हितेश वर्मा प्रकरणात घराच्या चार भिंतींआड, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेला अपमान या कलमात बसत नाही असे ठरले. म्हणजे अंगणाची भिंत साडेतीन फुटांची की सहा फुटांची, फाटक उघडे की बंद, गल्लीतून जाणाऱ्याला ओटा दिसतो की नाही, यावर सारा गुन्हा टिकतो किंवा पडतो. मोजलेल्या आराखड्याचा याहून नेमका उपयोग आम्हाला सुचत नाही. त्याला खून व्हावा लागत नाही.

पीडितांच्या हातात काही हक्क आधीपासून आहेत. कलम १५अ(१०) प्रमाणे या कायद्याखालच्या गुन्ह्यांच्या सर्व कार्यवाहीचे चित्रमुद्रण व्हायला हवे. १५अ(१२) प्रमाणे सामाजिक कार्यकर्ते आणि वकील यांची मदत घेण्याचा पीडिताला हक्क आहे. १९९५ च्या नियमांतील नियम ६ नुसार जिल्हा दंडाधिकारी, पोलीस अधीक्षक किंवा त्यांचे अधिकारी घटनास्थळाला भेट देण्यास बांधील आहेत. संहितेच्या कलम २३० प्रमाणे वकील दिलेला असेल तर दोषारोपपत्र आणि त्यासोबतच्या कागदांच्या प्रती पीडितालाही मिळतात. स्कॅन किंवा व्हिडिओ झाला असेल तर त्याची प्रत लेखी मागा. आणि कलम ३४७ न्यायाधीशाला स्वतः जागेवर जाऊन पाहणी करण्याचा अधिकार देते. फुकटचा व्हीआर म्हणा हवे तर. हा अर्ज आपल्याकडचे वकील फार क्वचित करतात.

पहिल्या दिवशी काय करायचे

पोलीस येण्याआधी घटनास्थळात शिरू नका, काही उचलू नका, सरळ करू नका. सत्यशोधन समिती म्हणून गेलेल्या दहा-बारा जणांच्या पायांनीच खुणा पुसल्या जातात. सीमेबाहेरून चित्रीकरण करा.

पोलिसांचा पंचनामा झाला की मोजपट्टी घेऊन जा. पंचनाम्यात ‘अंदाजे’ हा शब्द जिथे जिथे आहे तिथे आकडा हवा. प्रत्येक महत्त्वाच्या ठिकाणाचे अंतर दोन अशा खुणांपासून मोजा ज्या दहा वर्षांनीही जागेवर असतील: ग्रामपंचायतीच्या इमारतीचा कोपरा, पुलाचा कठडा, विहाराची पायरी. दोन अंतरे असली आणि जागा कोणत्या बाजूला आहे हे लिहिले असले की ती पुन्हा सापडते. एकाने सापडत नाही. मोबाईलच्या जीपीएसवर विसंबू नका. त्याची चूक काही मीटरची असते आणि आपला वाद वीस फुटांचा असतो. भिंतींची उंची मोजा. फोटोत मोजपट्टी ठेवा. गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालत, पावलागणिक फोटो काढा. पुढे आराखडा करायचा झाला तर हेच उपयोगी पडतील. घटना रात्रीची असेल तर त्याच वेळेला पुन्हा जा, कोणता दिवा चालू आहे ते लिहा, घटनेच्या रात्रीची तिथी लिहा. पौर्णिमेची रात्र आणि अमावास्येची रात्र यात साक्षीदाराची नजर बदलते.

मूळ फाइल ज्या फोनमध्ये आहे त्यातच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपने नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान केला जातो आणि त्यातली वेळेची, उपकरणाची नोंद जाते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलमधला एक अंश जरी बदलला तरी बदलणारा सांकेतिक आकडा, नोंदवायचे असते. प्रमाणपत्राशिवाय पुरावा कसा अडकतो हे जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणाच्या २०२० च्या निकालाने जुन्या कायद्याखालीच स्पष्ट केले आहे.

खान्देशात क्लिपांचा अनुभव दोन्ही बाजूंचा आहे. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी भटक्या समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार केले, तेव्हा लोकांनीच मोबाईलवर चित्रीकरण केले होते. धुळ्याच्या न्यायालयाने २०२४ मध्ये सात जणांना जन्मठेप दिली. त्याच्या महिनाभर आधी जामनेर तालुक्यातल्या वाकडीत विहिरीवर पोहल्यावरून दोन मुलांना विवस्त्र करून मारल्याचा व्हिडिओ राज्यभर फिरला. संतापाने तो पुढे पाठवणाऱ्यांत आपलेही लोक होते. अल्पवयीन पीडिताची ओळख उघड करणे गुन्हा आहे, आणि खटल्याला लागते ती एक मूळ प्रत. फिरलेल्या हजार प्रती नव्हेत.

आराखडा करणारे हात जवळच आहेत. जळगाव आणि धुळ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत स्थापत्य शाखेला शिकणारी आपली मुले सर्वेक्षण शिकतात, टोटल स्टेशन हाताळतात. गल्लीचा मापानुसार नकाशा काढणे त्यांना एका दुपारचे काम आहे. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब धुळ्याला आले होते ते न्यायालयातल्या एका खटल्यासाठी. त्या आठवणीत लळिंगच्या लांडोर बंगल्यावर दरवर्षी हजारो लोक जमतात. तिथे एका तंबूत अर्धा दिवस मोजपट्टी, नकाशा आणि हॅश मूल्य शिकवायची सोय करता येईल. प्रत्येक तालुक्यातून दोन मुले आणि दोन मुली आल्या तरी सुरुवातीला पुरेत.